वाढ खुंटलेल्या गर्भाचे रक्ताभिसरण संगणकावर उभे करताना: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

३२ आठवड्यांच्या गर्भाचे धमन्यांच्या बाजूचे रक्ताभिसरण संगणकावर मांडायचे आणि ते निरोगी गर्भाच्या डॉप्लर मोजमापांशी (सोनोग्राफीने मोजलेल्या रक्ताच्या वेगाशी) जुळवायचे, हा कामाचा पहिला भाग आहे. त्यानंतर वार हळूहळू निकामी होत गेली तर नाळेतल्या, मेंदूतल्या आणि महाधमनीतल्या प्रवाहाचे आलेख कसे बदलतात ते पाहायचे आहे. ३२ वा आठवडा निवडला, कारण २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलेल्या व्याख्येत लवकर आणि उशिरा खुंटणाऱ्या वाढीतली सीमारेषा याच आठवड्यावर आहे. वाट नवी नाही. मिलानमधील पेन्नाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डॉप्लरच्या आकड्यांवर आधारलेले गर्भाच्या रक्ताभिसरणाचे गणिती मॉडेल मांडले होते, आणि बार्सिलोनातील एका गटाने २०१४ मध्ये वाढ खुंटलेल्या गर्भात रक्ताची फेरवाटणी किती होते हे मोजण्यासाठी तशाच प्रकारचे मॉडेल वापरले. माझी पार्श्वभूमी यांत्रिक अभियांत्रिकीची, म्हणजे नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याची आहे. त्यामुळे गणितापेक्षा शरीररचनेनेच जास्त वेळ खाल्ला, आणि या नोंदींतही ते दिसेल.

पद्धत विंडकेसलची आहे. प्रत्येक अवयव म्हणजे एक रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) आणि एक धारिता (दाबाने फुगून रक्त सामावण्याची क्षमता), रक्ताचा दाब म्हणजे विद्युतदाब आणि प्रवाह म्हणजे विद्युतधारा. साधने म्हणजे घरचा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातली सायपाय ही गणिती साधनपेटी. सॉफ्टवेअरला पैसे लागले नाहीत.

१० जून

मोजमापे कोठून आणायची हा पहिला अडथळा होता. सोनोग्राफीचे यंत्र अभियंत्याच्या हाती येत नाही, आणि आपल्याकडे ते येऊही नये. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. यंत्राची नोंदणी असते आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवावी लागते. म्हणून मार्ग एकच उरला. गर्भवैद्यक पाहणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी सहकार्य करण्याचे मान्य केले, त्यांच्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज गेला, आणि नाव, तारीख, रुग्णक्रमांक असे सर्व काढून टाकलेल्या डॉप्लर तरंगांच्या प्रतिमाच फक्त मला मिळतील असे ठरले. परवानगीला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागणार हे उघड आहे. हे काम हाती घेणाऱ्याने कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी अर्ज द्यावा. तोवर प्रकाशित सरासऱ्यांवर काम चालू ठेवता येते.

१८ जून

निरोगी गर्भाचे आधारभूत आकडे ठरवले. वजन १.८ किलो धरले. हृदयाच्या दोन्ही जवनिकांचा (खालच्या कप्प्यांचा) मिळून प्रवाह दर किलोला मिनिटाला सुमारे ४२५ मिली, म्हणजे एकूण ७६५ मिली येतो. ठोके मिनिटाला १४०, म्हणजे एक चक्र ०.४३ सेकंदाचे. महाधमनीतला सरासरी दाब ३५ मिमी पारा, वारेपलीकडच्या शिरेतला ५, आणि दाबाची चढउतार २० मिमी पारा मानली.

वारेकडे यातला किती वाटा जातो, येथे पहिली मोठी चूक झाली. गर्भाच्या रक्ताभिसरणाचे मूळ ज्ञान बरेचसे मेंढीच्या गर्भावरच्या प्रयोगांतून आलेले आहे आणि मेंढीत हा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. तो आकडा मी तसाच घेतला. मॉडेल चालले, पण वारेने इतके रक्त ओढून घेतले की मेंदू आणि धड यांना उरलेले जुळेना, आणि ते जुळवण्यासाठी इतर रोध मी हाताने फिरवत बसलो. मानवी गर्भात हा वाटा तिसऱ्या तिमाहीत साधारण २० ते २५ टक्के एवढाच असतो. दर किलोला मिनिटाला ११० मिली धरले तर नाळेचा प्रवाह मिनिटाला १९८ मिली, म्हणजे सेकंदाला ३.३ मिली होतो, आणि ३० मिमी दाबफरकाला नाळ व वार मिळून रोध ९.१ येतो. सर्व रोध ‘मिमी पारा गुणिले सेकंद भागिले मिली’ या एककात आहेत. प्रवाह मिनिटात आणि काळ सेकंदात ठेवला की साठपट चूक होते आणि आलेखाचा आकार मात्र अगदी बरोबर दिसतो. म्हणून एककांची तपासणी करणारे एक छोटे फंक्शन सुरुवातीलाच लिहावे.

२७ जून

नाळेची शाखा एका साध्या रोधाने दाखवली आणि वार निकामी होते आहे असे भासवण्यासाठी तो रोध दुप्पट केला. नाळेतल्या धमनीचा पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे शिखर उणे तळ भागिले सरासरी, ज्याला पुढे पीआय म्हटले आहे, तो जागचा हलला नाही. चौपट केला तरीही नाही.

कोडमध्ये दोष शोधण्यात बरेच दिवस गेले, पण दोष कोडमध्ये नव्हताच. शाखेत फक्त रोध असेल तर प्रवाहाचे शिखर, तळ आणि सरासरी हे तिन्ही त्याच रोधाने भागले जातात आणि गुणोत्तरातून रोध नाहीसा होतो. उरते ती दाबाची चढउतार भागिले सरासरी दाबफरक, म्हणजे २० भागिले ३०, सुमारे ०.६७. शिवाय महाधमनीतला दाब शिरेपेक्षा कायम जास्त असल्याने अशा शाखेत प्रवाह कधी शून्यावर येत नाही आणि उलटा तर मुळीच वाहत नाही. रुग्णालयात मात्र हृदयाच्या प्रसरणाच्या शेवटी प्रवाह थांबलेला किंवा उलटा फिरलेला दिसतो आणि तीच धोक्याची खूण समजली जाते. ‘पीआय म्हणजे वारेचा रोध’ असे सोपे समीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते या पायरीवर मोडले, आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्यामुळे बदलली.

६ जुलै

शाखेचे तीन भाग केले: नाळेचा रोध, वारेतल्या रक्तवाहिन्यांची धारिता आणि वारेचा रोध. नाळेतल्या दोन धमन्यांचा व्यास ३ मिमी आणि लांबी ५० सेंमी धरून प्वाझयच्या (नळीच्या मापांवरून रोध काढण्याच्या) सूत्राने समांतर रोध ३.८ आला. नाळेच्या पिळासाठी तो थोडा वाढवून ४ ठेवला. वारेचा रोध ५.१ उरला. धारिता ०.०२ मिली प्रति मिमी पारा घेतली, कारण तेवढ्याने निरोगी गर्भाचा पीआय १ येतो, आणि या वयाला तो साधारण तेवढाच असतो.

आता गाडी रुळावर आली. फक्त मूलभूत वारंवारता, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची, धरून, महाधमनीतला दाब न बदलता, हा हिशेब कागदावरही करता येतो. वारेतल्या समांतर वाहिन्यांपैकी एक तृतीयांश बंद झाल्या तर तिचा रोध दीडपट होतो आणि पीआय १.३ वर जातो. अर्ध्या बंद झाल्या तर १.६, दोन तृतीयांश बंद झाल्या तर २.२ आणि पाऊण बंद झाल्या तर २.९. वारेचा रोध वाढला की स्थिर प्रवाह घटतो, पण धारिता भरण्या-रिकामी होण्याचा हेलकावा तसाच राहतो. म्हणून गुणोत्तर वाढते, आणि शेवटी महाधमनीतला दाब उतरत असताना वारेच्या वाहिन्यांतले रक्त नाळेतून मागे येते. एक तृतीयांश वार गमावूनही पीआय जेमतेम ०.३ ने वाढतो, कारण मार्गातला नाळेचा रोध बदललेला नसतो आणि समांतर वाहिन्यांचा रोध सुरुवातीला सावकाश वाढतो. शुद्ध साइन तरंगात पीआय २ झाला की तळ बरोबर शून्याला टेकतो. खऱ्या तरंगात तळ सरासरीच्या अधिक जवळ असल्याने तेथवर पोचायला आणखी वाहिन्या बंद व्हाव्या लागतात.

१५ जुलै

रक्ताचे जडत्व आतापर्यंत सोडून दिले होते. धमन्या लहान आहेत, फरक पडणार नाही असा समज होता. हिशेब केल्यावर नाळेचे जडत्व ०.२८ आले, आणि १४० ठोक्यांच्या वारंवारतेला त्याचा परिणाम ४.१ एवढा, म्हणजे नाळेच्या रोधाइतकाच भरला. गंमत अशी की निरोगी गर्भात ते घातल्याने पीआय १ वरून १.०४ एवढाच झाला, कारण धारितेचा आणि जडत्वाचा परिणाम परस्परविरुद्ध असतो. वारेच्या अर्ध्या वाहिन्या बंद असताना मात्र तो १.६ ऐवजी १.८५ आला आणि पाऊण बंद असताना २.९ ऐवजी ३.५. म्हणजे केवळ निरोगी अवस्थेत जुळवून पाहिले तर जडत्व निरुपयोगी वाटते आणि जेथे त्याची गरज आहे तेथे ते आपण काढून टाकलेले असते.

जडत्वाबरोबर एक त्रास आला. मेंदूच्या शाखेत जडत्व आणि धारिता यांच्यामध्ये रोध ठेवायचा राहून गेला होता, त्यामुळे आलेखावर बारीक थरथर उमटू लागली. ती अंकगणिती चूक समजून मी गणितातली काळाची पायरी लहान करत गेलो, संगणक तासन्‌तास चालू राहिला, आणि शेवटी भाड्याने वेगवान संगणक घेतला. त्यात चारेक हजार रुपये वाया गेले. खरे तर दहाबारा समीकरणांच्या या प्रणालीला लॅपटॉपवर काही सेकंद पुरतात. रोध घातल्यावर थरथर गेली. सायपायची समीकरणे सोडवण्याची नेहमीची आरके४५ पद्धत लहान धारितांमुळे अडखळते, तिच्या जागी एलएसओडीए घेतल्यावर वेग आला. आणखी एक काळजी घ्यावी: सुरुवातीची चक्रे टाकून द्यावीत आणि लागोपाठच्या दोन चक्रांतला फरक नगण्य झाल्यावरच पीआय काढावा.

३० जुलै

परवानगी आली आणि पहिल्या प्रतिमा मिळाल्या. प्रतिमेवरच्या तरंगाची वरची कड टिपून तिचे आकड्यांत रूपांतर करायचे हे काम सोपे वाटले होते. पहिल्याच गटातल्या एका तरंगात प्रसरणाच्या शेवटी प्रवाह अजिबात नव्हता, आणि त्याला जुळवण्यासाठी मॉडेलमध्ये वारेच्या पाऊण वाहिन्या बंद कराव्या लागत होत्या. डॉक्टर मॅडमनी प्रतिमेच्या कडेचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आधी मशीनचा वॉल फिल्टर किती होता ते बघायचं, मग वार बंद करायची.” फिल्टर जास्त ठेवला की मंद वेग यंत्रच पुसून टाकते आणि थोडासा शिल्लक असलेला प्रवाह शून्य दिसतो. तो ६० हर्ट्‌झपेक्षा जास्त नसावा. ती प्रतिमा यादीतून काढली. नाळेत मोजमाप कोठे घेतले हेही विचारावे लागते, कारण गर्भाच्या पोटाजवळ पीआय जास्त आणि वारेजवळ कमी भरतो. मी मॉडेलमधला नाळेचा प्रवाह मोकळ्या वेटोळ्यातल्या मोजमापाशीच ताडून पाहतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. डॉप्लरची कड म्हणजे धमनीच्या मध्यावरचा कमाल वेग, आणि मॉडेल देते तो एकूण प्रवाह. नाळेतल्या धमनीची वोमरस्ली संख्या, म्हणजे स्पंदित प्रवाहात जडत्व आणि रक्ताची दाटी यांतले प्रमाण दाखवणारा आकडा, ३ च्या आसपास येते. म्हणजे स्थिर भागाचा वेगाचा आकार अन्वस्ताकार असतो, पण स्पंदित भागाचा आकार त्याहून चपटा होतो, आणि त्यामुळे कडेवरून काढलेला पीआय प्रवाहाच्या पीआयपेक्षा कमी भरतो. आधी हे दोन्ही मी एकमेकांशी थेट ताडत होतो. आता मॉडेलच्या प्रवाहावरून वोमरस्लीच्या सूत्राने कमाल वेग काढतो आणि तोच कडेशी जुळवतो. याच कारणाने धारितेचा आकडाही पुन्हा जुळवावा लागला, म्हणून ६ आणि १५ जुलैचे पीआय प्रवाहाचे आहेत हे ध्यानात ठेवावे.

नाळेच्या शिरेवरून मिलीमध्ये प्रवाह काढताना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. शिरेचा व्यास ६ मिमी आणि कमाल वेग सेकंदाला २४ सेंमी असेल, तर सरासरी वेग त्याच्या निम्मा, १२ सेंमी घ्यायचा. तेव्हा प्रवाह मिनिटाला सुमारे २०४ मिली येतो आणि १८ जूनच्या आकड्याशी जुळतो. निम्मा करायला विसरलात तर वार दुप्पट सशक्त दिसेल.

१२ ऑगस्ट

वाढ खुंटलेला गर्भ तयार करण्यासाठी वजन १.८ वरून १.२ किलोवर आणले आणि सर्व रोध वजनाच्या व्यस्त आणि धारिता सम प्रमाणात बदलल्या. निकाल असा लागला की लहान पण पूर्ण निरोगी गर्भ मिळाला: सगळे प्रवाह दोन तृतीयांश आणि सगळे पीआय जिथल्या तिथे. नुसते लहान बाळ आणि वाढ खुंटलेले बाळ यांत डॉक्टर जो फरक करतात तो येथे आकड्यांत दिसला, पण मला हवे होते ते दुसरे बाळ. अशा गर्भात मेंदू वजनाच्या प्रमाणात लहान होत नाही, तो बराचसा आठवड्यांप्रमाणे वाढलेला असतो, आणि पोट व अंग मागे पडते. म्हणून मेंदूची प्राचले (रोध, धारिता असे मॉडेलला द्यायचे आकडे) डोक्याच्या घेरावरून आणि धडाची वजनावरून घेतली, वारेचा रोध वेगळा ठेवला आणि मग मेंदूचा रोध हळूहळू कमी केला. निरोगी अवस्थेत मेंदूतल्या मधल्या धमनीचा पीआय २ च्या जवळ होता, तो १.४ वर आला, आणि नाळेचा १.८५ असल्याने दोहोंचे गुणोत्तर ०.७६ झाले. हे गुणोत्तर १ च्या खाली जाणे ही रक्त मेंदूकडे वळवले गेल्याची परिचित खूण आहे.

२५ ऑगस्ट

आता उलटे काम, म्हणजे दिलेल्या तरंगावरून प्राचले शोधणे. लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून, जुळवणी सुंदर झाली, त्रुटी जवळपास नाहीशी झाली. वेगळ्या सुरुवातीपासून चालवले तरी जुळवणी तितकीच सुंदर होती, पण प्राचले निराळी निघाली.

वारेच्या अर्ध्या वाहिन्या बंद असताना नाळेचा पीआय १.८५ आणि प्रवाह सेकंदाला २.१ मिली येतो. वार पूर्ण निरोगी ठेवून नुसता सरासरी दाब ३५ वरून २२ वर उतरवला तरी पीआय १.८५ च येतो आणि प्रवाह १.८५ मिली. इतका कमी दाब या वयाच्या गर्भात अपेक्षित नाही, पण जुळवणी करणाऱ्या कोडला ते ठाऊक नसते. मला वाटले की पीआयबरोबर मिलीतला प्रवाह दिला की प्रश्न सुटेल. दोन्ही प्रवाहांतला फरक १२ टक्के आहे, आणि शिरेचा व्यास ६.५ ऐवजी ७ मिमी टिपला एवढ्यानेच प्रवाहात १६ टक्के चूक येते. गर्भाच्या हालचालीत अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. एका जागेच्या मोजमापावरून या दोन गर्भांमध्ये निवड करणे शक्य नाही, मग जुळवणीचा आलेख कितीही देखणा दिसो.

सुटका मेंदूतल्या तरंगाने केली. दाब उतरला असेल तर मेंदूच्या धमनीचाही पीआय वाढायला हवा. वार निकामी असेल तर तो वाढत नाही, उलट मेंदूच्या वाहिन्या सैल झाल्यावर घटतो. म्हणून दोन्ही तरंग एकाच वेळी जुळवायला दिले आणि सरासरी दाबाला ३० ते ४० अशा मर्यादा घातल्या. भिन्न सुरुवातींची उत्तरे आता एकमेकांच्या जवळ येऊ लागली. वारेची धारिता आणि वारेचा रोध मात्र अजून एकमेकांना सावरून घेतात. त्यामुळे धारिता निरोगी गर्भाच्या आकड्यावर गोठवली आहे. ही सोय आहे, तिला पुरावा नाही.

१५ सप्टेंबर

मॉडेलमध्ये महाधमनी आतापर्यंत एकच बिंदू होती. तिचे दोन भाग केले: डाव्या जवनिकेचे रक्त घेणारी आणि मेंदूला पुरवणारी कमान, आणि उजव्या जवनिकेचे रक्त डक्टस आर्टेरिओससमधून (फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणाऱ्या गर्भातल्या वाहिनीतून) घेणारी खाली जाणारी महाधमनी. दोहोंना जोडतो तो महाधमनीचा अरुंद भाग म्हणजे इस्थमस. गर्भात दोन्ही जवनिका येथे एकमेकींविरुद्ध ढकलत असतात, म्हणून प्रसरणकाळात इस्थमसमधला प्रवाह कोणत्या दिशेला जातो हे मेंदू आणि वार यांच्यापैकी कोणाचा रोध कमी आहे त्यावर ठरते. वार निरोगी असताना प्रवाह खाली जातो. वारेचा रोध वाढवून मेंदूचा घटवला की तो वर, मेंदूकडे वळतो, आणि डक्टसमधून आलेले कमी प्राणवायूचे रक्त मेंदूला मिळू लागते. मेंदूला रक्त जास्त मिळते म्हणून तो सुरक्षित आहे असे मॉडेलच्या मिलीवरून वाटले असते. त्या रक्तात काय आहे हे माझे मॉडेल सांगत नाही.

पहिल्या चाचणीत निरोगी गर्भातही आकुंचनाच्या शेवटी क्षणभर प्रवाह उलटा दिसला आणि तो दोष समजून मी दोन्ही जवनिकांच्या उत्सर्जनाच्या वेळा एकसारख्या करून टाकल्या. गर्भारपणाच्या उत्तरार्धात निरोगी गर्भातही हा छोटा खळगा दिसतो. वेळा पूर्ववत केल्या. उत्सर्जनाचा काळ ०.१७ सेकंद ठेवला आहे, आणि दोन्ही झडपांवरून मोजलेले प्रवाह थेट मॉडेलला दिल्याने फोरॅमेन ओव्हेलचे (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राचे) वेगळे गणित करावे लागत नाही.

३ ऑक्टोबर

सद्यस्थिती. धमन्यांची बाजू चालते, आणि नाळ, मेंदू व इस्थमस असे तिन्ही तरंग एकत्र दिले तर वारेच्या आणि मेंदूच्या रोधाची उत्तरे स्थिर राहतात. रक्ताची दाटी अजून सगळीकडे एकच धरली आहे. वाढ खुंटलेल्या गर्भात तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, आणि प्वाझयच्या सूत्रात दाटी सरळ गुणली जात असल्याने नाळेचा रोधही त्यासोबत बदलायला हवा. हे पुढच्या फेरीत होईल. शिरांच्या बाजूला हात लावलेला नाही. डक्टस व्हेनोससचा (नाळेच्या शिरेतले रक्त थेट हृदयाकडे नेणाऱ्या वाहिनीचा) तरंग हवा असेल तर कर्णिकांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) आकुंचन दाखवावे लागेल, आणि त्यासाठी मोजलेले प्रवाह आयते देण्याची आताची सोय सोडून हृदयच मॉडेलमध्ये बांधावे लागेल. डॉक्टर मॅडमनी त्यासाठी गर्भ श्वासाची हालचाल करत नसताना घेतलेले तरंग वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली आहे. त्या हालचालींनी शिरांचा आलेख इतका बदलतो की आधीच्या प्रतिमांपैकी बऱ्याच या कामाला चालणार नाहीत.